प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नाही

पावसाळा सरताना ताप आणि प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, दुसरं काही शोधत बसू नका, असं वर एकांनी लिहिलंय. डेंग्यूची तपासणी आधी करा हे बरोबर, पुढचं मात्र पटलं नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात आमच्या दाजींना असाच ताप भरला. प्लेटलेट घसरलेल्या, डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला, कुणी पपईच्या पानांचा रस काढतंय, कुणी किवी आणतंय (या दिवसांत किवीचा भाव तापाबरोबर चढतो, ते असो).

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गवतात गेला होतात का?" यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला गवत कापायला गेले होतेच. मग शर्ट काढायला लावून काखा, कंबर बघितली. करगोट्याच्या खाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली, ना दुखत होती ना खाजत. स्क्रब टायफस! गवताझुडपातल्या माइट नावाच्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून हा ताप होतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरला. दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं, किडनीपर्यंत जातो म्हणे डॉक्टर. खपली प्रत्येकाला दिसतेच असं नाही, तेव्हा गवतात, रानात गेला असाल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगून टाका.