पारावरच्या फळ्यावर कोणती बातमी लिहावी, कोणती थांबवावी?

(प्रश्न आणि उत्तरं. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धुऱ्यावरून (यवतमाळ जिल्हा)

आमच्या गावात वाचनालयासमोर पाराला लागून ४ बाय ३ फुटांचा काळा फळा आहे. दहावी-बारावीची पोरं रोज सकाळी सातच्या आत त्यावर पाच-सहा ओळी लिहितात. भाव, हवामान, योजना, थोडं राजकारण. अडचण अशी की रात्री व्हॉट्सअॅपवर जे फिरतं तेच सकाळी फळ्यावर उतरतं. ‘कापूस ८ हजार पार’, ‘हेक्टरी १८,५०० खात्यात’, ‘अमुक नेता तमुक म्हणाला’. फळ्यावर आलं की लोक खरं धरतात अन् भाव वाचून गाडीही भरतात.

भावाची बातमी कशी तपासायची, सरकारी मदत ‘पक्की’ कधी समजायची आणि राजकारण फळ्यावर घ्यावं की नाही, हे जाणकारांनी सांगावं. शिवाय डिसेंबरात या पोरांना एक दिवस नागपूरला नेऊन विधिमंडळाचं अधिवेशन दाखवायचं आहे. जमलं तर अजब बंगलाही (तिथलं जुनं संग्रहालय). एका दिवसात होईल का?

जिनिंगचा काटा

भावाचं आधी घेतो, कारण नुकसान तिथंच होतं.

‘कापूस ८ हजार’ ही बातमीच नाही. कोणत्या बाजारात, कोणत्या तारखेला, कोणत्या मालाला आणि आवक किती, हे चार शब्द नसतील तर पोरांनी खडू खाली ठेवावा. बाजार समितीच्या तक्त्यात तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळा नेहमी कमाल दराचा होतो. तो कधीकधी दोन-चार गाड्यांनाच मिळालेला असतो, मुहूर्ताच्या दिवशी तर हार घालून फोटो काढण्यापुरता. फळ्यावर सर्वसाधारण दर लिहा, बाजूला आवक क्विंटलमध्ये. हे आकडे राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेटवर मिळतात. आदल्या दिवसाचा दर असेल तर ‘कालचा’ हा शब्द विसरू नका.

दुसरा घोळ एककाचा. टीव्हीवर ‘५५ हजार’ म्हणतात तो रुईचा, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाचा, खंडीचा भाव असतो. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. आपण विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलवर. परदेशी बाजाराचा आकडा तर सेंट प्रति पाउंडमध्ये येतो. हे तिन्ही एका ओळीत आले की वाचणाऱ्याचं डोकं गरगरतं. पोरांना हिशोब एकदा करून दाखवा. एक क्विंटल कापसातून धरा ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी, बाकी घट. खंडी ५५,००० असेल तर रुई किलोला साधारण १५४.५० पडते, म्हणजे ३४ किलोचे ५,२५३. सरकी ३५ रुपये किलो धरली तर २,२४०. बेरीज ७,४९३. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. (५५ हजार आणि ३५ रुपये हे उदाहरणापुरते धरले आहेत, त्या दिवशीचे आकडे टाकावेत.) रुईचा उतारा ३४ चा ३३ झाला तर याच हिशोबात क्विंटलमागे १२० च्या आसपास फरक पडतो. सरकीचा भाव पडला की रुई स्थिर असूनही कापूस का उतरतो, तेही यातूनच कळतं. बातमीत सरकीचं नाव क्वचित असतं.

हमीभावाचंही तसंच. २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०. पण तो ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात आणि १२ च्या वर माल परत. १२ टक्के ओलाव्याच्या ८,११० वाल्या मालाला ७,७८५ रुपये ६० पैसे पडतात. ‘खरेदी केंद्रावर ८,११० मिळणार’ असं लिहिलं आणि माणूस दवात वेचलेला कापूस घेऊन गेला, तर तो परत येऊन फळ्यालाच शिव्या देईल. त्याच ओळीत ‘ओलावा ८ च्या आत’ आणि ‘कपास किसान अॅपवर नोंदणी झालेली हवी’ हे लिहिणं भाग आहे. आणि हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं. ‘राज्याने हमीभाव वाढवला’ असं कुठं दिसलं तर ती बातमी तिथंच बाद.

सेतूकडचा

वरच्या उत्तरात आयात शुल्काची भर, कारण बाहेरचा कापूस स्वस्तात आला की आपला भाव दबतो. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून कापसावर ११ टक्के शुल्क होतं. केंद्राने ते २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. त्या मुदतीत आपल्याकडे वेचणीही लागलेली नसते. मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि दसऱ्यानंतरची सगळी भर आवक त्यात आली. मथळा दोन्ही वेळा ‘शुल्कमाफी’चाच. आपल्यासाठी खरी बातमी शेवटची तारीख होती, आणि ती बहुतेक ठिकाणी चौथ्या परिच्छेदात.

आता मदतीचं. पायऱ्या लक्षात ठेवा. नेत्याची घोषणा, मग मंत्रिमंडळाचा निर्णय, मग शासन निर्णय म्हणजे जीआर, मग निधी वितरणाचा वेगळा जीआर, मग तहसीलमधून याद्या, केवायसी आणि शेवटी खातं. प्रत्येक पायरीवर एकच बातमी नव्याने छापून येते, म्हणून लोकांना वाटतं पाच वेळा पैसे आले. फळ्यावर मदतीच्या बातमीपुढे कंसात पायरी लिहा: (घोषणा), (जीआर निघाला), (निधी वितरित). एवढ्यानं अर्धी भांडणं मिटतात.

जीआर खरा की खोटा हे ओळखायला त्याचा संकेतांक पाहा. तो १८ अंकी असतो आणि पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कागदावरची तारीख आणि हे आठ अंक जुळत नसतील तर आधी शंका घ्यायची. जुळले तरी तोच संकेतांक राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर टाकून पाहायचा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफचं पहिलं पान खरं आणि परिशिष्ट भलतंच, असंही होतं. सगळी पानं डोळ्यांखालून घाला.

१८,५०० चं उदाहरण चांगलं आहे. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्यात अतिवृष्टी-पुराच्या नुकसानीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० असा आकडा आला, तो दोन तुकड्यांचा: आपत्ती निधीच्या निकषाचे ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्या-खतासाठी वेगळे १०,०००. दोन्हींचे आदेश वेगळे, पैसे जमा होण्याची वेळही वेगळी. ८,५०० च्या हिशोबानं पैसे आले की ‘दहा हजार खाल्ले’ असा गवगवा होतो. कोणी खाल्लेही असतील, पण तो शोध दुसऱ्या आदेशाची तारीख पाहिल्यावर सुरू करायचा.

केंद्राच्या योजनेबद्दल शंका असेल तर पीआयबी फॅक्ट चेकला (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा बातम्या तपासणारा विभाग) विचारता येतं. राज्याच्या योजनांत त्यांचा उपयोग नाही.

पऱ्हाटीतला

राजेहो, राजकारण फळ्यावर नकोच. भाव लिहा, पाणी-पाऊस लिहा, जीआर लिहा. नेता काय बोलला हे लिहिलं की सकाळी सातला पारावर दोन पार्ट्या उभ्या राहतात अन् पोट्ट्यांच्या बापाले फोन जाते. निवडणूक आली की तं इचारूच नका. एक जण पुसते, दुसरा लिहिते.

लक्षवेधी

पऱ्हाटीतले भाऊ, फोनवाली गोष्ट खरी आहे. पण राजकारण काढलं तर उरतं काय? आयात शुल्क राजकारणच, पॅकेजही राजकारणच. माझं मत: घ्यावं, पण भाषण नको, नोंद घ्यावी. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यांची, उत्तरं छापूनही येतात आणि त्यांची भाषा ठरलेली: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न, मंत्र्याचं उत्तर, तारीख. तीन ओळी. यावर कोण भांडेल? भांडायचं तर त्या ‘अंशतः’ शब्दावर भांडा, सगळा मसाला तिथंच दडलेला असतो.

नेत्याची क्लिप आली तर कुठं, कधी आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर, हे तिन्ही कळल्याशिवाय लिहू नका. वीस सेकंदांच्या तुकड्यात प्रश्न कापलेला असतो. पूर्ण भाषण यूट्यूबवर सापडलं तर मागचं-पुढचं दोन मिनिटं ऐका. शेताच्या व्हिडिओत पीक पाहा. जूनच्या गारपिटीच्या व्हिडिओत बोंडं फुटलेली दिसली की तो जुना किंवा दुसरीकडचा. शहरातल्या माणसाला हे दिसत नाही, आपल्या पोरांना एका नजरेत दिसतं.

पेड न्यूजही ओळखायला शिकवा. राज्यात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकार गाजला, पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलचा अहवालही आला. खुणा सोप्या. एकच मजकूर दोन पेपरांत शब्दशः, बातमीदाराचं नाव नाही, सगळं कौतुक, विरोधकाचा उल्लेखही नाही आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रायोजित’. विधानसभा-लोकसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. नसेल तर त्यातलं एक अक्षरही फळ्यावर नको.

मत लिहायचंच असेल तर पिवळ्या खडूनं, खाली लिहिणाऱ्याचं नाव. बातमी पांढऱ्यानं. नाव टाकायचं म्हटलं की निम्मी मतं आपोआप गळतात.

पऱ्हाटीतला

पिवळा खडू चालते. पण नाव टाकाले लावा, नाहीतर पुसाले मीच येतो. अन् खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहा, सुकल्यावर ठळक दिसते अन् हातानं लवकर पुसत नाही.

धुऱ्यावरून (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांचे आभार. साखरेच्या पाण्याचे विशेष, आता पुसणाऱ्याला फडकं शोधावं लागेल. नागपूरचं कोणी सांगेल का?

लक्षवेधी

होईल, फक्त वार नीट निवडा. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि अधिवेशनाला बहुधा शनिवार-रविवार सुट्टी. उरले मंगळवार ते शुक्रवार. कामकाजाच्या तारखा जाहीर झाल्यावरच गाडी ठरवा, अधिवेशन आठवड्यातही आटोपतं.

प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीनं मिळतो. नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती आधी द्या, आदल्या रात्री फोन करून काम होत नाही. पास ठरावीक वेळेपुरता असतो. मागताना प्रश्नोत्तराच्या तासाचा मागा, कारण नंतर सभागृह तहकूब झालं तर पोरं रिकाम्या खुर्च्या पाहून येतील. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळे एका पिशवीत घालून एक मोठा माणूस बाहेर ठेवा. ज्या दिवशी जाल त्या दिवशीच्या तारांकित प्रश्नांची यादी छापून न्या. यादी हातात नसेल तर आत काय चाललंय ते काहीच कळत नाही, नुसता गलका ऐकू येतो. आणि पोरांनी विचारलंच की अधिवेशन नागपूरला कशाला, तर १९५३ च्या नागपूर कराराचं सांगा, त्यात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं होतं.

संग्रहालय १८६३ चं आहे, तेही सिव्हिल लाइन्सकडेच, विधान भवनापासून फार लांब नाही. सगळी दालनं करायला गेलात तर पोरं दमतात. दोनच करा: चित्रांचं आणि आदिवासी कलेचं. प्रत्येकानं एक वस्तू निवडायची, तिच्यापुढं दहा मिनिटं उभं राहून वहीत तीन ओळी लिहायच्या: काय आहे, कुठलं आहे, पाटीवर काय लिहिलेलं नाही. तिसरी ओळ सगळ्यात अवघड जाते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यातल्याच दोन लावा, भावाच्या खाली, पांढऱ्या खडूनं.