सोलापूरच्या उन्हाचं खापर पृथ्वीच्या कक्षेवर फोडू नका

माळरान

परवापासून गावातल्या प्रत्येक ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "सोलापूर तापलं म्हणून ओरडणाऱ्यांनो, पृथ्वीची कक्षाच बदलत असते. हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा मोटारी कुठे होत्या? हे निसर्गाचं चक्र आहे, माणसाचा काही संबंध नाही." खाली अंगठे आणि नमस्कारांची रांग.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आली. कक्षा बदलते, पण कशी ते तरी बघा. कक्षा कधी जरा लांबट होते, कधी जवळपास गोल. त्याला साधारण १ लाख वर्षं लागतात. अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये ४१ हजार वर्षांत एक फेरी करतो. आणि सूर्याजवळ जाण्याची वेळ ऋतूंमधून फिरते, तिला १९ ते २३ हजार वर्षं. मिलुतिन मिलान्कोविच हा सर्बियाचा माणूस, मूळचा बांधकामाचा इंजिनिअर. १९१४ च्या युद्धात त्याला बुडापेस्टमध्ये स्थानबद्ध केलं, तर तिथल्या अकादमीच्या ग्रंथालयात बसून हा हातानं आकडे मांडत राहिला. १९४१ साली त्याचा सगळा हिशेब छापून आला. लोकांनी तो बाजूला टाकला. मग १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळाचा गाळ तपासला आणि त्यात तेच तिन्ही ठोके सापडले.

आता हाच हिशेब आजच्या काळाला लावा. उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात मिळणारं ऊन गेली दहा-अकरा हजार वर्षं कमी कमी होत आलंय. कलसुद्धा घटतोय, आज तो २३.४ वर आहे. कक्षेच्या हातात असतं तर आपण हळूहळू गार होत जायला हवं होतं. आणि झालं काय? दीडशे वर्षांत जगाचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त चढलं. हजारो वर्षांत सरकणारी गोष्ट आजोबा ते नातू एवढ्या काळात असा फरक पाडू शकत नाही. मिलान्कोविचचं नाव घ्यायचं तर त्याचा हिशेब पूर्ण वाचा.

सात रस्ता

ती पोस्ट मीच पुढे पाठवली होती, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. तुम्ही सोयीचं तेवढं लिहिलंत. अंटार्क्टिकाच्या बर्फात आधी तापमान वाढलं आणि नंतर कार्बन वाढला, हे तुमच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय ना? मग कार्बन कारण कसा? परिणाम झाला तो!

दुसरं, माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीच्या कारखान्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी व्हायची की सूत पटापट तुटायचं. मग जमिनीवर पाणी मारायचं, पोती भिजवून खिडक्यांना बांधायची. ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऊन आज नवीन आलेलं नाही. आम्हाला कोणी तापमान शिकवू नये.

भूगोलवाल्या बाई

सात रस्ता, प्रश्न चांगला विचारलात, पण निष्कर्ष चुकीचा काढलात. हिमयुग संपताना सुरुवात कक्षेनं केली, हे बरोबर. बर्फ वितळायला लागलं, समुद्र तापला, समुद्रानं कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्या वायूनं तापमान आणखी चढवलं. उत्तरेला ऊन वाढत असताना दक्षिण गोलार्धसुद्धा तापला, तो का, हे कार्बनशिवाय पूर्ण सांगता येत नाही. म्हणजे तो परिणामही आहे आणि कारणही. आज फरक एवढाच, की समुद्रानं सोडायची वाट न बघता कोळसा जाळून आपणच तो सोडतोय. बर्फात अडकलेल्या ८ लाख वर्षांच्या हवेत तो दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० च्या मध्ये राहिला. आज ४२० च्या पुढे आहे.

आणि आपल्याकडचं सांगते, कारण युरोपच्या बर्फापेक्षा ते आपल्या जवळचं आहे. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती जून-जुलैत. आज येते जानेवारीच्या सुरुवातीला. तेव्हा उन्हाळ्यात जमीन जास्त तापायची आणि मान्सून जास्त जोरानं आत खेचला जायचा. लोणारच्या गाळात त्या काळचा जोरदार पाऊस दिसतो. पुढच्या काही हजार वर्षांत राजस्थानात लुणकरणसरला पाण्यानं भरलेलं सरोवर होतं, सहारात गवत होतं आणि गुरं चरत होती. कक्षेनं हे सगळं खरोखर घडवलं. म्हणून तिचं नाव असं उन्हाच्या तक्रारीत वाया घालवलेलं बघवत नाही.

भीमाकाठ

मान्सूनचं निघालंच आहे तर बोलतो. दहा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस राहू द्या, उजनी भरल्यावर ते पाणी कुठे जातं ते सांगा. शंभर टक्के धरण, आणि शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. बायका रात्री दोनला उठून पिंप भरतात. दुष्काळी मुलखात मैलोन्‌मैल ऊस कोणी लावला? मिलान्कोविचनं?

माळरान

भीमाकाठ, उसाचं शंभर टक्के मान्य. पण तो वेगळा धागा काढा ना, इथे कक्षेवर बोलतोय.

गड्डाप्रेमी

बाईंनी जानेवारी काढला म्हणून विचारतो. पृथ्वी अशी डुलते, तर मग ते सायनवाले, म्हणजे ऋतूंवरून पंचांग मांडणारे, म्हणतात ते खरं का, की आपली संक्रांत चुकलेली आहे आणि ती २२ डिसेंबरला करायला हवी? दरवर्षी कोणीतरी ज्ञानी माणूस गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर हे काढतोच. सिद्धरामेश्वरांच्या काळापासून चालत आलेला अक्षता सोहळा, नंदीध्वज, सगळं चुकीच्या दिवशी होतं म्हणायचंय का तुम्हाला? आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या नंदीध्वजाला खांदा दिलाय.

सात रस्ता

घ्या! आता सणावर आले. मला हेच वाटत होतं. आधी कार्बन, मग पंचांग.

माळरान

कोण आलंय सणावर? प्रश्न गड्डाप्रेमींनी विचारलाय. जरा वाचत जा बे लिहिण्याआधी.

सात रस्ता

ते 'बे' घरी. वयानं मोठा आहे मी तुमच्यापेक्षा.

भूगोलवाल्या बाई

दोघांनीही थांबा. गड्डाप्रेमी, तुमचा सण चुकलेला नाही. आपली संक्रांत ताऱ्यांवर धरलेली आहे, ऋतूंवर नाही. अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे २६ हजार वर्षांत एकदा फिरतो, म्हणून ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं पडतं. साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस. सतराशे वर्षांपूर्वी सूर्य मकरेत जाणं आणि उत्तरायण लागणं जवळपास एकाच दिवशी यायचं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होते तेव्हा, आजच्या कॅलेंडरनं मोजलं तर, संक्रांत जानेवारीच्या अगदी सुरुवातीला येत असणार. म्हणजे दिवस तेव्हाही सरकत होता आणि परंपरा अखंड होती. लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ काढला तो याच सरकण्यावरून, वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगशीर्षात होता हे धरून. आपल्याकडे हे ज्ञान परकं नाही.

गड्डाप्रेमी

लोकमान्यांचं मान्य. पण असंच सरकत राहिलं तर संक्रांत उद्या भर उन्हाळ्यात येईल. तेव्हा हुरडा कुठून आणायचा?

माळरान

उन्हाळ्यात यायला काही हजार वर्षं आहेत. तोवर ज्वारी राहील की नाही याची काळजी आधी करू. यंदा अवकाळीनं आमची शाळू आडवी केली, कणसं चिखलात काळी पडली. कडब्यालाही वास येत होता, जनावरं तोंड लावत नव्हती. ते बघितल्यावर 'निसर्गाचं चक्र' म्हणून मान डोलवणं मला जमत नाही.

सात रस्ता

शाळूचं ऐकून वाईट वाटलं. आमचीही मोहोळकडे थोडी जमीन आहे, तिथेही तेच झालं. समुद्राच्या कार्बनचं बाईंनी सांगितलं ते मी मान्य करतो, कारण त्यांनी नीट सांगितलं, तुमच्यासारखं अंगावर येऊन नाही. पण एक सांगा. कक्षेचा लांबटपणा बदलल्यानं वर्षाचं एकूण ऊन अगदीच थोडं बदलतं, असं मी वाचलंय. मग हिमयुगं १ लाख वर्षांनी का येतात? की तिथेही कार्बनच?

भूगोलवाल्या बाई

हे तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं ४१ हजार वर्षांच्या तालावर येत होती, नंतर ती १ लाखावर गेली. का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बर्फाच्या थरांचं वागणं, कार्बन, दोन्हींची नावं घेतली जातात. पण हा वाद लाखो वर्षांच्या तालाचा आहे. तुमच्या नातवाच्या उन्हाळ्याचं उत्तर त्यात नाही.

सात रस्ता

म्हणजे शास्त्रालाही सगळं कळलेलं नाही, एवढं तरी कबूल झालं. ती पोस्ट मी काढून टाकतो. मात्र माळरान यांच्या सांगण्यावरून नाही.

भीमाकाठ

आणि पाणी?

गड्डाप्रेमी

बाई, ऋतूंवरचं उत्तरायण आधी होतं हे पोरांना पटवायचं तर कसं दाखवायचं? पंचांग दाखवलं की हसतात.

भूगोलवाल्या बाई

गच्चीवर १ मीटरची काठी ओळंब्यात सरळ उभी करा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या आसपास सावली सर्वांत लहान होईल तेव्हा मोजा, सोलापुरात ती ८७ सेंटिमीटरच्या जवळपास भरेल. १४ जानेवारीला पुन्हा मोजा, तेव्हा ८१ च्या आसपास. मधल्या काळात सूर्य वर चढलाय तो एवढा.

गड्डाप्रेमी

काठी उभी करतो. अक्षता मात्र ठरल्या दिवशीच पडतील.