एक्झॉस्ट लावूनपण बाथरूमची ओल जात नाहीये, मोठा फॅन लावू का?

डोंबिवलीची_सून:
आमचं बाथरूम ५ बाय ७ चं, उंची ९ फूट, आणि खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणारी काचेच्या पट्ट्यांची छोटीशी. मागच्या पावसाळ्यात वरच्या दोन पट्ट्या काढून तिथे शीट लावून ६ इंची एक्झॉस्ट बसवला, तरी चौघांच्या आंघोळी झाल्या की आरसा दुपारपर्यंत धुरकट, आणि स्लॅबला काळे ठिपके, दोनदा पुसून रंग दिला तरी महिन्याभरात परत हजर. सासूबाईंना दमा आहे, आंघोळ करून आल्या की खोकत बसतात, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. इलेक्ट्रिशियन म्हणतो ९ इंची लावा, पण त्याला खिडकी फोडावी लागणार. खरंच गरज आहे का?

वायरमन_ठाणे:
ताई, आधी खिडकी फोडू नका. तुमचं बाथरूम ३१५ घनफूट, म्हणजे साधारण ९ घनमीटर, तासाला १० वेळा हवा बदलायची म्हटलं तरी ताशी ९० घनमीटर पुरतात, आणि ६ इंची फॅनच्या खोक्यावर बहुतेक याच्या दुप्पट आकडा असतो. फॅन कमी नाहीये, त्याला हवा मिळत नाहीये. दाराखाली फट आहे का? फॅन चालू करून दार लावा आणि टिश्यू पेपरची पट्टी खालच्या फटीशी धरा, आत ओढली गेली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे फॅनखालच्या उरलेल्या पट्ट्या उघड्या ठेवता का? ठेवत असाल तर फॅन तिथूनच डक्टमधली हवा ओढतो आणि परत डक्टमध्येच टाकतो, शॉवरकडची वाफ जागेवरच राहते. हे मी कितीतरी घरांत बघितलंय, लोकांना वाटतं जितकं उघडं तितकं चांगलं.

कोथरूडकर:
गिझर गॅसचा आहे का हे आधी सांगा. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल आणि एक्झॉस्टने हवा खेचली तर गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आतच परत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कळत नाही. असेल तर फॅनचं नंतर बघा, तो गिझर आधी बाथरूमच्या बाहेर काढा प्लीज.

डोंबिवलीची_सून:
नाही दादा, इलेक्ट्रिकचा आहे. आणि पट्ट्या उघड्याच असतात, मीच मुद्दाम उघडते 😟 दाराला तर पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली रबर लावलंय.

वायरमन_ठाणे:
मग तेच. रबर काढा, पाणी उंबऱ्याला अडतं. अर्धा पाऊण इंच फट हवी, कमी असेल तर सुताराकडून दार खालून तासून घ्या, पीव्हीसीचं असेल तर खालच्या बाजूला जाळी बसवून मिळते. पट्ट्या बंद करून फटींना सिलिकॉन मारा. फॅनच्या मागे झडप आहे ना तेपण बघा, फॅन बंद झाला की ती मिटली पाहिजे, नाहीतर डक्टमधला वास घरात. आणि शेवटची आंघोळ झाल्यावर अर्धा तास तरी चालू ठेवा, ४० वॅटचा फॅन रोज दोन तास चालला तरी महिन्याला अडीच युनिटच्या आत.

रत्नागिरी_७७:
एक अजून, वरच्या मजल्याचं लीकेज नाही ना? ठिपके पुसून स्लॅब कोरडा करा, एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या वर, स्लॅबच्या बाजूला आले तर पाणी वरून झिरपतंय, खालच्या बाजूला आले तर ती वाफ. आमच्याकडे पहिलं निघालं, तिथे फॅन काही करू शकला नसता.

डोंबिवलीची_सून:
प्लास्टिक लावलं होतं, थेंब खालच्याच बाजूला. रबर काढलं, पट्ट्या बंद केल्या, आज सकाळी चौथी आंघोळ झाल्यावर वीस मिनिटांत आरशात चेहरा दिसायला लागला. टिश्यूपण आत ओढला गेला. सुतार रविवारी येतोय, स्लॅबला रंग पावसाळा संपल्यावर देईन. खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏