अ‍ॅना अमालिया एक की दोन?

प्रश्न (खर्जस्वर): जर्मन संगीतकार बाखच्या हस्तलिखितांविषयी वाचताना अ‍ॅना अमालिया हे नाव वारंवार समोर येते. एका लेखात त्या प्रशियाच्या राजकन्या आणि क्वेडलिनबुर्गच्या मठाधिपती आहेत, तर दुसऱ्या लेखात मुलाच्या वतीने वायमार या जर्मन संस्थानाचे राज्य चालवणाऱ्या आणि कवी गटेला तिथे बोलावणाऱ्या विधवा डचेस. दोन्हीकडे संगीतरचना आहेत आणि ग्रंथालयही आहे. मठाधिपती बाई मुलाच्या वतीने राज्य कशी चालवतील, हे कोडे मला सुटत नाही.

उत्तर (जुनी पोथी): त्या दोन वेगळ्या स्त्रिया असून नात्याने सख्ख्या मावशी-भाची आहेत. मावशी (१७२३–१७८७) ही प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाची धाकटी बहीण. क्वेडलिनबुर्गचा मठ ल्यूथरपंथी आणि उच्चकुलीन स्त्रियांसाठी होता. तिथले मठाधिपतिपद म्हणजे मान आणि उत्पन्न, त्यामुळे त्यांचे वास्तव्य मुख्यतः बर्लिनलाच राहिले. १७५८ पासून त्या बाखचे शिष्य किर्नबेर्गर यांच्याकडे काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी गुंफण्याचे शास्त्र, शिकल्या. बाखचे संगीत जुनाट मानले जाण्याच्या काळात त्यांनी त्याची हस्तलिखिते जमवली; ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो या त्याच्या प्रसिद्ध वाद्यवृंदरचनांची बाखच्या हातची प्रत किर्नबेर्गरकडून त्यांच्याच संग्रहात आली. स्वतः त्यांनी पलटणींच्या संचलनासाठी मार्च नावाच्या वाद्यरचनाही केल्या, पण माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व तो संग्रह हेच आहे.

उत्तर (सांजदिवा): भाचीचा जन्म १७३९ चा. सोळाव्या वर्षी लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, आणि १७५९ ते १७७५ अशी सोळा वर्षे मुलाच्या वतीने राज्यकारभार. मात्र एक दुरुस्ती सुचवतो: गटेला बोलावणे धाडले ते सज्ञान झालेल्या मुलाने, कार्ल आउगुस्टने, आईने १७७२ मध्ये आणले होते ते लेखक वीलांड यांना, मुलाचे शिक्षक म्हणून. पुढे गटेच्या ‘एर्विन उंड एल्मीरे’ या संहितेला त्यांनी संगीत दिले आणि १७७६ मध्ये वायमारला त्याचा प्रयोग झाला. मधूनमधून गद्य संवाद, मधूनमधून पदे, असा तो प्रकार आपल्या संगीत नाटकाच्या जवळचा आहे. संपूर्ण नाटकाची पदे बांधणे हा फावल्या वेळचा छंद नव्हे, तरीही बरेच लेखक त्याची बोळवण एका ओळीत करतात, याचे मला वाईट वाटते.

खर्जस्वर: आभारी आहे. म्हणजे बाखशी संबंध फक्त मावशीचा, असे मी टिपून ठेवतो.

जुनी पोथी: तेवढे घाईने टिपू नका. भाचीने दरबारी ग्रंथसंग्रह वायमारच्या ज्या वाड्यात हलवला, तिथे २ सप्टेंबर २००४ रोजी आग लागून सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले. त्याच ग्रंथालयाच्या संग्रहातील एका जुन्या छापील शुभेच्छाकाव्याच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर २००५ मध्ये बाखच्या हस्ताक्षरातील १७१३ ची एक अज्ञात आरिया (एकल गायनाची रचना) सापडली. आगीच्या वेळी ती पाने इमारतीबाहेर होती.