लग्नातल्या डीजेला बीटमिक्सिंग आलंच पाहिजे का?

कऱ्हाडचा साउंडवाला
काल इथे एकाने लिहिलं की ज्याला कानाने दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणजे बीटमिक्सिंग येत नाही, त्याने स्वतःला डीजे म्हणवू नये, लग्नात वाजवणारे सगळे पेनड्राइव्ह लावणारे ऑपरेटर आहेत. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. 16 वर्षं हळदी, वराती, साखरपुडे वाजवतोय. क्लबमध्ये 120 ते 128 बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) दरम्यानची गाणी रात्रभर चालतात, तिथे जुळवा की खुशाल. माझ्यासमोर एकाच मांडवात 6 वर्षांची पोरगी आणि 80 वर्षांची आजी असते. लावणी झाली की कोळीगीत, मग मामांना जुनं हिंदी, मग पोरांना पंजाबी, यात काय कशाला जुळवायचं?
आणि खरं काम वेगळंच असतं. मुहूर्ताला भटजींचा हात वर झाला की आवाज बंद, माइक शिट्टी मारायला लागला की ती लगेच बंद करायची, नवरीची गाडी अजून वेशीवर असेल तर फ्लोअर, म्हणजे नाचणारी माणसं, धरून ठेवायचा. मागच्या सीझनला एका हळदीत दोन गावची पोरं एकमेकांना खांदे मारायला लागली. मी गाणं अर्ध्यातच तोडलं, माइकवर करवल्यांना पुढे बोलावलं आणि फुगडीचं गाणं लावलं. बायका मध्ये आल्या, पोरं आपोआप मागे सरकली. त्या क्षणी बीट जुळवत बसलो असतो तर डोकी फुटली असती.

मृण्मयी डीजे, पुणे
दादा, फुगडीचा निर्णय एक नंबर, त्याबद्दल वाद नाही. पण त्यावरून बीटमिक्सिंग नको हे कसं काय सिद्ध होतं? मी पण लग्नंच वाजवते. दोन गाण्यांच्या मध्ये 4 सेकंद शांतता झाली की अर्धा फ्लोअर जेवणाच्या रांगेत जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिस ग्रासोने दोन रेकॉर्ड जुळवायला सुरुवात केली ती नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत म्हणूनच, शायनिंग मारायला नाही. आणि बीटमिक्सिंग म्हणजे एक मिनिटभर दोन गाणी एकमेकांवर चढवणं एवढंच नसतं. 95 वरून 128 ला जायचं असेल तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर कट मारा, शेवटचा आवाज इकोने घुमत सोडा, पण मोजून. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात डीजेने तीनदा मुखडा चालू असताना आवाजाची पट्टी (फेडर) खाली ओढली, नाचणाऱ्यांचा पाय हवेतच राहिला. आता तर ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे, तरी शिकायचं नाही म्हणजे आळस आहे हो.

कऱ्हाडचा साउंडवाला
आळस म्हणू नका ताई. सकाळी 6 ला टेम्पो भरतो, रात्री 2 ला उतरवतो, बेसचे स्पीकर स्वतःच्या खांद्यावर उचलतो. पुण्यात हॉटेलवर सगळं लावलेलं मिळतं, फक्त कंट्रोलर घेऊन जायचं.

मृण्मयी डीजे, पुणे
मी पण स्वतः केबल ओढते. मुलगी आहे म्हणून कोणीतरी उचलून देत असेल असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

कऱ्हाडचा साउंडवाला
तसं म्हणायचं नव्हतं. ते वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही.

अलिबागचा बेंजो
सिंकचा विषय निघाला म्हणून बोलतो. बहुतेक कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीची, दादरा तालाच्या घरातली. पंजाबी आणि क्लबची गाणी चाराची. सॉफ्टवेअर मुख्य ठोके जुळवून देईल पण आतले तिनाचे आणि चाराचे भाग एकमेकांत अडकतात, कान असलेल्या माणसाला ते लगेच बोचतं. शिवाय जुन्या रेकॉर्डिंगला ढोलकी हाताने वाजवलेली, ठोके मोजून देणारा क्लिक नाही काही नाही, दुसऱ्या कडव्याला लय चढते आणि सॉफ्टवेअरने आखलेलं ठोक्यांचं ग्रिड सरकतं. तिथे बटण नाही, लयीची समज लागते, आणि ती आमच्याकडे होती. 20 वर्षं बेंजो पार्टीत वाजवलं. नवरदेवाचा घोडा थांबला की आम्ही ठेका धरून थांबायचो, चालला की लय वाढवायचो. ते काम तुम्ही लोकांनी घेतलं तर निदान लय तरी नीट सांभाळा.

करवली नंबर एक
मला बीपीएम वगैरे कळत नाही पण गिऱ्हाईक म्हणून बोलू द्या. माझ्या हळदीत दर अर्ध्या मिनिटाला गाण्यात कोणीतरी डीजे स्वतःचं नाव ओरडत होता. आमच्या डीजेचं नाव पण नव्हतं ते! फुकट डाउनलोड केलेले रिमिक्स. पूर्ण व्हिडिओत माझ्या आईच्या नाचावर दुसऱ्याच माणसाचं नाव ऐकू येतं. पैसे दिलेत तर मूळ गाणं विकत घेऊन वाजवा, मिक्स नंतर करा.

सातारा, निवृत्त मास्तर
तुमची चर्चा कसली चाललीय? आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे. डीजे म्हणजे आम्हाला माणूस माहीतच नाही, डीजे म्हणजे टेम्पोवरची स्पीकरची भिंत. कपाटातली भांडी खाली येतात. पत्नीला हृदयाचा त्रास आहे, वरात आली की तिला मागच्या खोलीत नेऊन बसवतो आणि हात धरून बसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद. कोण पाळतं? तुम्ही बीट जुळवा नाहीतर नका जुळवू, आमच्या छातीत तीच धडधड.

कऱ्हाडचा साउंडवाला
मास्तर, वहिनींबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण शिव्या फक्त आम्हालाच का? लग्नाचा मालक येऊन विचारतो बेस किती लावणार. शेजारच्या आळीत 4 होते, मला 8 पाहिजेत. कमी लावले तर सुपारी दुसऱ्याला. गाणी कोणती वाजवणार हे 16 वर्षांत एखाद्याने विचारलं असेल.

सातारा, निवृत्त मास्तर
मालकाने विष मागितलं तर द्याल का?

कऱ्हाडचा साउंडवाला
विषाशी तुलना करू नका. माझं घर यावर चालतं, दोन पोरांच्या फिया यावर भरल्यात.

मृण्मयी डीजे, पुणे
मास्तरांचा राग योग्य आहे. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशोबाने 85 डेसिबलला 8 तास चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. वरात किती तास चालते सांगा. मी 29 वर्षांची आहे आणि डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, झोपताना पंखा मोठा ठेवते म्हणजे ती ऐकू येणार नाही. दादा, तुम्ही भिंतीच्या शेजारी 16 वर्षं उभे आहात, एकदा कान तपासून घ्या.

कऱ्हाडचा साउंडवाला
बायको म्हणते टीव्हीचा आवाज मोठा असतो. बघतो.

अलिबागचा बेंजो
आमच्या पार्टीला कोणी कान तपासा म्हटलं नाही कधी. आणि मुद्दा सांगतो, लय धरणाऱ्याला आवाज वाढवायची गरजच पडत नाही. ज्याचं गाणं तुटतं तोच बेस वाढवून झाकतो.

कऱ्हाडचा साउंडवाला
हे लागलं. खोटं म्हणणार नाही, फ्लोअर पडला की हात आधी मास्टरवर, म्हणजे एकूण आवाजाच्या बटणावरच जातो. बरं मग सांगा, कोळीगीतावरून पंजाबीवर जाताना माझा फ्लोअर कायम तुटतो. काय करायचं?

अलिबागचा बेंजो
एकावर एक चढवायचंच नाही. कोळीगीत ओळ संपली की समेवर तोड. मग नुसती हलगी, केरव्याची, आठ मात्रांची, चार आवर्तनं जाऊ दे. पायांना नवीन चाल कळते. मग पंजाबी.

मृण्मयी डीजे, पुणे
बरोबर, आणि हलगीचा लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, पुढच्या गाण्याच्या बीपीएमला आधीच लावून ठेवा. यालाच मी बीटमिक्सिंग म्हणत होते दादा.

कऱ्हाडचा साउंडवाला
तुम्ही म्हणत होता ते मान्य. कालच्या पोस्टवाल्याने ऑपरेटर म्हटलं ते मान्य नाही, त्याने शब्द मागे घ्यावा. रविवारी उंब्रजला हळद आहे, हलगी लावून बघतो. मास्तर, बेस 4 च नेतोय, मालकाशी मी बोलेन.

सातारा, निवृत्त मास्तर
10 ला बंद करा म्हणजे झालं.