मदत हवी आहे: पहिल्या फँटसी कादंबरीचे रिव्ह्यू आलेत, दुसऱ्या भागात बदल करू का?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. माझी पहिली कादंबरी आलीय, संक्रांतीला गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, ६८ लिंगांच्या फेरीला निघाले की भुईकोट किल्ल्याच्या खंदकाखालचं जादूचं नगर उघडतं अशी गोष्ट आहे. वाचक एवढं मनापासून लिहितायत की भरून येतं. पण एका ताईंचं म्हणणं, नायिका अडली की मंत्र म्हणते नि सुटते, जादूची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही, मग धाकधूक वाटणार कशी? हे डोक्यातून जाईना. काहीजण बोलीभाषा कमी करा म्हणतात, ते मात्र मी करणार नाही, माणसं इथली आहेत तर इथलंच बोलणार ना. आता दुसऱ्या भागात जादूचे नियम कडक केले तर पहिल्याशी मेळ बसेल का? आणि त्या ताईंना उत्तर द्यावं का, की लेखकानं मध्ये पडू नये? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.