इन्युइट चरबी खातात म्हणून तुम्ही वाटीभर तूप प्यायचं?

हिशेबी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून एक 'आरोग्यज्ञान' फिरतंय. "एस्किमो जन्मभर देवमाशाची आणि सीलची चरबी खातात, भाजीचं पानसुद्धा नाही, तरी त्यांना हार्ट अटॅक ठाऊक नाही. म्हणून रोज वाटीभर साजूक तूप घ्या." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. (एस्किमो म्हणजे इन्युइट, ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातले मूळ रहिवासी.) ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिन काढून टाकेल, म्हणून इथे लिहितो.

हार्ट अटॅकची गोष्ट आली कुठून? 1970च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक पश्चिम ग्रीनलंडच्या उम्मानाक भागात गेले. लोकांचं रक्त तपासलं, आहार तपासला. हृदय कोणाचंच तपासलं नाही. आजाराचे आकडे घेतले सरकारी दप्तरातून, आणि तिथल्या लांबच्या वस्त्यांवर माणूस मेला तर कशाने मेला ते लिहायला डॉक्टरच नसे. 2014 मध्ये कॅनडातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ही सगळी जुनी कागदपत्रं पुन्हा चाळली, तेव्हा इन्युइटांमध्ये हृदयविकार इतरांइतकाच आणि पक्षाघात उलट जास्त, असं दिसलं. एवढ्या कच्च्या पायावर 'माशाची चरबी हृदय राखते' म्हणत फिश ऑइलच्या कॅप्सूलचा धंदा उभा आहे.

दुसरं, सीलची चरबी म्हणजे तूप नव्हे. तुपात साठ टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड, म्हणजे थिजणारं फॅट. सीलच्या चरबीत ते सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या आसपास, बाकी पातळ राहणारं मोनोअनसॅच्युरेटेड फॅट आणि माशांत असतं ते ओमेगा-3. शिवाय ड जीवनसत्त्व, जे हिवाळ्यात ऊनच नसलेल्या मुलखात दुसरीकडून मिळणं कठीण. आणि भाजी न खाताही त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, होत नाही, याचं श्रेय चरबीला नाहीच. क जीवनसत्त्व असतं मक्ताकच्या, म्हणजे देवमाशाच्या चरबीसकट खातात त्या, कातडीत. बेलुगा या पांढऱ्या देवमाशाच्या कच्च्या कातडीत 100 ग्रॅममागे साधारण 36 मिलिग्रॅम, म्हणजे लिंबाच्या जवळपास. तुमच्या तुपाला कातडी आहे का?

साजूक
आला तूपद्वेष. माझे आजोबा नव्वदी ओलांडून गेले, रोज वरणभातावर तुपाची धार. आता अभ्यासच हवा असेल तर घ्या. स्टेफान्सन हा आर्क्टिकमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला माणूस. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्यू हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो आणि त्याचा सोबती वर्षभर फक्त मांस आणि चरबीवर राहिले. काही झालं नाही. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

हिशेबी
गाळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला नुसतं चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत त्याला जुलाब, मळमळ. चरबी दिल्यावर बरा झाला. यकृत एका मर्यादेपलीकडे प्रथिनं पचवू शकत नाही, उरलेली उष्मांकांची गरज कशातून तरी भागवावी लागते. ज्या देशात ज्वारी-तांदूळ पिकत नाही तिथे ती चरबीतून भागते. म्हणजे ती तिथली भाकरी आहे. तुम्ही भाकरीही खाता, भातही, वर तूपही, आणि दुपारी खुर्चीत झोप.

आजोबा शेतात राबत होते की ऑफिसात बसत होते, तेवढं सांगा.

साजूक
आजोबांवर जायचं काम नाही.

जवसाची_चटणी
दोघेही मुक्या प्राण्याला मारून खाण्याचं समर्थन करताय, हे कोणाच्या लक्षात येतंय का? ओमेगा-3 हवं तर जवस आहे, अक्रोड आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जवसाची चटणी, कोणाला काही कमी पडलं नाही.

मुशीवाली
आलंच हे. जवसातलं ओमेगा-3 वेगळं, माशातलं वेगळं. जवसातल्याचं शरीरात फार थोडं रूपांतर होतं. आमच्या वर्सोव्यात बाळंतिणीला काय देतात ते येऊन बघा. आणि हेच चटणीवाले आम्हाला भाड्याने घर देताना विचारतात, "मासे शिजवणार का?" सुक्या बोंबलाच्या वासावरून माझ्या बहिणीला अकरा महिन्यांचा करार मध्येच मोडावा लागला.

जवसाची_चटणी
घराचा इथे काय संबंध? आणि रूपांतराचं म्हणाल तर 2016 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या लोकांचे नमुने तपासले होते. वनस्पतींतल्या फॅटपासून लांब साखळीची (माशात तयार मिळतात तशी) फॅटी ॲसिड जास्त बनवणारा जीनचा प्रकार पुण्याच्या नमुन्यांत 68 टक्के, अमेरिकन नमुन्यांत 18 टक्के. पिढ्यांच्या शाकाहाराने हे घडलं.

हिशेबी
अभ्यास खरा आहे, आणि तो तुमच्याविरुद्धही जातो. त्या जीनने ओमेगा-6चं, म्हणजे सूर्यफुलासारख्या तेलांतल्या फॅटचंही रूपांतर जोरात होतं, म्हणजे सूर्यफुलाचं तेल ओतणाऱ्याला ते त्रासाचंच. उलट इन्युइटांमध्ये त्याच जीनचा नेमका दुसरा प्रकार टिकला, कारण त्यांच्या ताटात तयार ओमेगा-3 येत होतं. ग्रीनलंडच्या इन्युइटांवरचा 2015चा अभ्यासही हेच सांगतो, चरबीच्या आहाराशी त्यांचे जीन जुळवून घेत गेले. तेव्हा त्यांचं ताट बघून साजूकरावांनी तूप प्यावं हे जितकं वेडं, तितकंच त्यांना जवस खा म्हणणं.

मुशीवाली
जीन राहू दे. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं सुरू केलं. जानेवारी 2025 मध्ये पैसे बंद. हवं तर लोकवर्गणी काढा म्हणे. एक अंडं! ते कोणाला खुपलं? चटणीवाल्यांनाच ना?

जवसाची_चटणी
मी सरकार आहे का? ज्यांना नको त्यांच्या मुलांवर लादू नका एवढंच म्हणणं होतं.

मुशीवाली
नको त्याला केळं मिळतच होतं! तुमच्या पोराला केळं होतं, आमच्या पोराचं अंडं काढलंत. यात लादलं कोणी कोणावर?

साजूक
या एका मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने. अंडं बंद करणं चूकच. (तूप मात्र सोडणार नाही.)

उत्तरायण
मी कॅनडात ओटावाला नर्स आहे. उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर, जिथे इन्युइट राहतात, मोठ्या उपचारांची सोय नाही, म्हणून तिथले पेशंट विमानाने आमच्याकडे येतात. एक आजीबाई आठवतात. हॉस्पिटलचं उकडलेलं चिकन आणि जेली ताटात तशीच. भाच्याने घरून गोठवलेलं मक्ताक आणलं, तेव्हा त्या उठून बसल्या. मी जीवनसत्त्वं मोजत बसले नाही.

तुम्ही सगळे त्यांच्या चरबीवर आपापलं दुकान लावून बसलात. तिकडे दुकानातला कोबी आणि दूध विमानाने येतं, भाव दक्षिण कॅनडापेक्षा कितीतरी जास्त. स्वस्त मिळतं ते कोल्ड्रिंक आणि चिप्स. आता मधुमेह वाढतोय, ड जीवनसत्त्वाची कमतरता दिसते. युरोपने 2009 मध्ये सीलच्या मालावर बंदी घातली, इन्युइटांना सूट दिली, पण बाजारच कोसळल्यावर त्या सवलतीचं करायचं काय? शिकारीच्या बोटीचं पेट्रोल त्या कातड्यांच्या पैशांवर येत होतं.

दर्यावर्दी
ताई, भावना ठीक. पण जिथे देवमाशांची शिकार चालते त्या फेरो बेटांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच 2008 मध्ये सांगितलं की पायलट व्हेल हा देवमासा माणसाने खाऊ नये. कारण पारा आणि पीसीबी, म्हणजे कारखान्यांतलं विषारी रसायन. उत्तर क्वेबेकमधल्या नुनाविक या इन्युइट भागातल्या आयांच्या दुधात पीसीबी दक्षिण क्वेबेकच्या पाचपट निघालं होतं. त्याचं काय?

उत्तरायण
तेही सांगते. पारा मुख्यतः मांसात आणि यकृतात, पीसीबी चरबीत. पायलट व्हेल दातवाला, अन्नसाखळीत वर, म्हणून विष जास्त साठतं. बोहेड हा देवमासा प्लवक, म्हणजे समुद्रातले बारीक जीव खातो, त्याची चरबी बरीच स्वच्छ. 'देवमासा' म्हणून सगळे एका पिशवीत घालू नका. 1980च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी नुनाविकची निवड केली ती 'स्वच्छ' गट म्हणून, दक्षिणेशी तुलना करायला! इन्युइटांचा पीसीबीचा कारखाना नव्हता. वारा आणि समुद्र घेऊन आले. डीडीटी हे कीटकनाशक तर आपल्या रायगडातल्या रसायनीतही बनायचं. त्यामुळे 'त्यांच्या अन्नात विष' म्हणताना आवाज जरा खाली. अशा रसायनांना आळा घालणाऱ्या 2001च्या स्टॉकहोम करारानंतर प्रमाण उतरतंय, आणि तिथल्या डॉक्टरांनी आयांना अंगावर पाजणं थांबवा असं कधी सांगितलं नाही.

दर्यावर्दी
बोहेडचं मान्य. गरोदर बाईने सीलचं यकृत टाळावं, हे तरी मान्य कराल?

उत्तरायण
ते त्यांच्याच आरोग्य खात्याने सांगितलंय, तुमची वाट बघत नव्हते.

जवसाची_चटणी
म्हणजे थोडक्यात, ज्यांच्याकडे दुसरं काही पिकत नाही त्यांनी खावं. एवढं मी आधीही नाकारलं नव्हतं.

मुशीवाली
नाही हो, 'मुका प्राणी' कोण म्हणालं मग? वर चढून वाचा स्वतःचंच. आणि अंड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.